त्या पत्रावर तुझी सही होती, आत्या

आत्या,

तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गाला शिकवत होते. फोन तनूचा, तुझ्या नातीचा. ती एवढंच म्हणाली, "आजी गेली." मी मुलांना नकाशा पूर्ण करायला सांगितलं आणि व्हरांड्यात येऊन उभी राहिले. रडू यायला हवं होतं, मला राग आला. आपलं भांडण अर्धं राहिलं होतं आणि तू निघून गेलीस.

गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, असं आई मला पंधरा दिवस सांगते आहे. पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी तर तिने माझा हात धरून ठेवला होता, मी काही बोलेन या भीतीने. तिथे मी गप्प बसले. आता नाही बसणार.

मी आठवीत होते तेव्हा तू मला शिकवायला घेतलंस. आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. दर रविवारी बाबा मला स्कूटरवरून मुनिरक्याला तुझ्या फ्लॅटवर सोडायचे आणि सोबत ऑफिसातल्या पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा द्यायचे. तू त्या कागदांवर गणितं मांडायचीस. दिल्लीत तेव्हा धड ज्वारीचं पीठ मिळायचं नाही, ते तू अकोल्याहून आणून डब्यात जपून ठेवायचीस, आणि माझ्यासाठी मात्र दर रविवारी भाकरी व्हायची. गणित सुटलं की गरम भाकरीचा पापुद्रा काढून माझ्या हातावर ठेवायचीस. शिकवताना तू सुंदर दिसायचीस, आत्या. हे मी तुला कधी सांगितलं नाही. समीकरणाच्या दोन्ही बाजू तू अशा समजावायचीस की दोन बहिणींचं भांडण सोडवते आहेस असं वाटायचं. आज मी मुलांसमोर उभी राहते तेव्हा खडू धरायची पद्धतसुद्धा तुझी आहे.

त्या वेळच्या माझ्या साध्या सरकारी शाळेत मी सुखी होते, हेही तुला माहीत होतं. प्रार्थनेनंतर बातम्या मी वाचायचे. मुलींची भांडणं मी मिटवायचे. नवी बाई आली की तिला वर्गाची ओळख मीच करून द्यायचे. गणितात मात्र बेताची. तू शिकवायचीस त्या मोठ्या नावाच्या शाळेत नववीला प्रवेशपरीक्षा असायची. हजारो मुलं बसायची, थोडी आत जायची. वर्षभर तू मला घासलंस, आणि यादीत खालून दुसरं नाव माझं लागलं. तू स्टाफरूममध्ये पेढे वाटलेस. बाबा रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "हमारी मित्रा का हो गया!"

शाळेत मी तुला मॅडम म्हणायचं, हे आपलं ठरलं होतं. दर तीन महिन्यांनी तुमच्याकडे तुकड्या बदलायच्या. गुण जास्त ते ए मध्ये, मग बी, सी, तसं खाली. मी डी मध्ये सुरुवात केली आणि ई मध्ये पोचले. गणिताचे पेपर मात्र तू सगळ्या तुकड्यांना एकत्र बसवून वाटायचीस आणि वरून खाली नावं वाचायचीस. पहिलं नाव बहुतेक वेळा रुबीनाचं. मुनिरक्यातल्या शिंप्याची मुलगी, पहिल्या बाकावर ताठ बसायची. तिचं नाव आलं की तिचा चेहरा दिवा लावल्यासारखा व्हायचा. आणि सगळ्यात शेवटी, बाकी सगळ्यांच्या हातात पेपर पोचल्यावर, "संघमित्रा, एकोणीस." तुझा आवाज तसूभर हलायचा नाही. मी पुढे येऊन पेपर घ्यायचे आणि म्हणायचे, "थँक यू, मॅडम."

जुन्या शाळेत हजार मुलांसमोर बातम्या वाचणारी मी, तिथे पाणी प्यायला जाऊ का एवढं विचारायलाही घाबरायला लागले. एका रविवारी मी तुला म्हटलं, "आत्या, मला माझ्या जुन्या शाळेत परत जायचंय."

"वेडी आहेस का?" तू म्हणालीस. "लोक तळमळतात या शाळेसाठी. होईल सवय."

"नाही होत ना सवय."

"मग जास्त अभ्यास कर."

मी केला. खरंच केला. दहावीला एकाहत्तर टक्के पडले. त्या जुन्या शाळेत एकाहत्तरवाल्या मुलीला वर्गाने खांद्यावर घेतलं असतं. तुमच्याकडे अकरावीला ठेवायची मर्यादा त्याच्या बरीच वर होती. पत्र आलं. आपल्या पाल्याच्या हिताचा विचार करून आपण दुसऱ्या संस्थेत प्रवेश घ्यावा, असं त्यात गोड इंग्रजीत लिहिलेलं. खाली उपप्राचार्यांची सही. तायडेमधल्या 'त'चा पाय लांब ओढणारी तुझी सही, आत्या. ती मी माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर पाहिलेली होती.

बाबांना वाटलं काहीतरी चूक झाली आहे. त्यांनी सुट्टी टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला घेऊन शाळेत आले. तुझ्या खोलीबाहेरच्या बाकावर आम्ही दोन तास बसलो. आणखीही पालक होते. बाबा मला सांगत होते, "घाबरू नकोस, ताईच आहे आत." मग तू बाहेर आलीस. बाबा उठून हसले आणि म्हणाले, "ताई, अगं हे पत्र..."

तू म्हणालीस, "आप अगले हफ़्ते आकर टी.सी. ले जाइए।"

धाकट्या भावाशी तू हिंदीत बोललीस. ज्याला तू कडेवर घेऊन वाढवलंस, ज्याला दिल्लीत तूच नोकरीला लावलंस, त्याला 'आप' म्हणालीस. बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, ते काढायचं त्यांना सुचलंच नाही. ते म्हणाले, "जी." आणि आम्ही खाली आलो.  येताना स्कूटरवर हेल्मेटच्या आत त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण मी मागे बसले होते, त्यांची पाठ हलत होती.

त्या पाठीमागे बसून मी ठरवलं होतं, एक दिवस तुला त्या बाकावर बसवीन. मी सोळा वर्षांची होते. त्या वयात माणसं बरंच काही ठरवतात आणि विसरतात. मी विसरले नाही.

बाबा मात्र पुढच्या बुद्धपौर्णिमेला नेहमीसारखे खिरीचा डबा घेऊन तुझ्याकडे आले. आई आली नाही. ती म्हणाली, "तुम्हाला काही वाटत नाही का हो?" बाबा म्हणाले, "तिच्यावर नियम आहेत. बहीण घरी आहे, शाळेत ती मॅडम आहे." सहा वर्षांपूर्वी ते गेले तोवर त्यांनी तो विषय काढला नाही. माझ्यासमोर नाही, तुझ्यासमोर नाही. त्यांनी तुला माफ केलं असेल. तो त्यांचा प्रश्न होता.

मी घराजवळच्या साध्या शाळेतून बारावी झाले, बी.ए., बी.एड. केलं, आणि नोएडातल्या एका शाळेत लागले. आता तिथला माध्यमिक विभाग माझ्याकडे आहे. आमच्याकडे प्रवेशाला परीक्षा नाही. जागा असेल तोवर जो येईल तो आत. दुसऱ्या शाळांनी काढलेली मुलं आमच्याकडे येतात, पहिले दोन महिने भिंतीला चिकटून बसतात. मी त्यांना ओळखते. तू दरवर्षी विचारायचीस, "काय गं, निकाल किती लागला तुमचा?" आणि आकडा ऐकून 'बरं' म्हणायचीस. त्या 'बरं'चाही मी हिशेब ठेवत होते.

मग तनू तुझ्याच शाळेत नववीला लागली. तू तेव्हा निवृत्त झाली होतीस, तिला घासण्यात तुझं एक वर्ष गेलं होतं. सहा महिन्यांत तिच्या पोटात दर सकाळी दुखायला लागलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. वर्षअखेरीला तुझ्या मुलाला पत्र आलं, तसंच गोड इंग्रजीतलं. सही दुसऱ्या कोणाची होती, इतकंच.

तुझा फोन आला. "मित्रा, तनूला तुझ्याकडे घे."

मी म्हटलं, "शाळेत या. फॉर्म भरावा लागतो."

त्या संध्याकाळी मी रजिस्टरमध्ये तनूचं नाव घातलं. जागा पक्की केली. आणि दुसऱ्या दिवशी तू आलीस तेव्हा शिपायाला सांगितलं, बसायला सांग. चौऱ्याहत्तर वर्षांची तू, गुडघे दुखणारी, मेट्रोने आलेली, माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर दोन तास बसलीस. मी आत काहीही करत नव्हते. घड्याळ बघत होते. दोन तास झाल्यावर बाहेर आले. तू उठायला लागलीस आणि म्हणालीस, "मित्रा, अगं..."

तुझ्या शेजारी तनू बसली होती. तीही येईल हे मला माहीत नव्हतं. मांडीवर फाइल, गुडघे जुळवलेले, नजर फरशीकडे. मी तिला पाहिलं. नीट पाहिलं. आणि तरी बोलले.

"आप अगले हफ़्ते आकर पता कर लीजिए।"

तुला कळलं. एका क्षणात कळलं, ते तुझ्या डोळ्यांत दिसलं. तू म्हणालीस, "जी." बाबांच्याच सुरात. मग तनूचा हात धरून जिना उतरलीस.

मी खोटं बोलणार नाही. मला बरं वाटलं.  आठवडाभर तू रोज फोन केलास आणि मी उचलला नाही. आठव्या दिवशी कळवलं की प्रवेश झाला आहे. त्या आठवड्यात तनूने खोलीचं दार उघडलं नाही, जेवण दाराशी ठेवावं लागायचं, हे मला खूप नंतर तुझ्या सुनेकडून समजलं. जिथे कोणालाही घेतात तिथेही आपल्याला घेत नाहीत, असं त्या मुलीला सात दिवस वाटत राहिलं.

तू मला त्यावरून एकदाही बोलली नाहीस. ते मला जास्त लागलं. ओरडली असतीस तर फिटलं असतं.

मग हा जानेवारी. बऱ्याच दिवसांनी धुकं निवळलं होतं आणि तू बाल्कनीत उन्हाला खुर्ची टाकून बसली होतीस. तनू आता बारावीत आहे, आमच्या शाळेचं भित्तिपत्रक चालवते, गुण साठ-पासष्ट, सकाळी पोटात दुखत नाही. तिच्यावरून विषय निघाला आणि मी म्हटलं, "बघितलंस ना? तुझी शाळा सगळ्यांसाठी नसते."

"सगळ्यांसाठी आहे असं मी कधी म्हटलं?" तू म्हणालीस. "रुबीनाचं काय झालं असतं दुसरीकडे? सत्तर पोरांच्या वर्गात तिला कोणी विचारलं असतं?"

"रुबीनाला ती शाळा मिळायलाच हवी होती. मी माझं विचारते आहे."

तू चहाचा कप खाली ठेवलास. "तुला ती झेपणार नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "केव्हा?"

"तुला शिकवत होते तेव्हाच. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात."

"मग का घातलंस?"

"काहून म्हणजे?" चिडलीस की तुझं अकोला बाहेर यायचं. "माझ्या सख्ख्या भावाची पोर साध्या शाळेत जाते, हे मला त्या स्टाफरूममध्ये सांगवलं नसतं. तिथे मी एकटी होते, मित्रा. माझ्या प्रत्येक गोष्टीकडे लोक बघत होते."

"आणि बाबांशी हिंदीत का बोललीस?"

तू समोरच्या फ्लॅटच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे नजर वळवलीस. मग म्हणालीस, "मराठीत बोलले असते तर तुझं पत्र मागे घ्यावं लागलं असतं."

मी उठले. चप्पल घालत होते तेव्हा तू आतून म्हणालीस, "पुढच्या रविवारी ये. भाकरी करते." मी आले नाही. त्यानंतरचे नऊ रविवार मी आले नाही. तुला वाट बघायला लावत होते. तुला शिक्षा कशी द्यायची हे मला एवढंच येत होतं, आणि दहाव्या आठवड्यात तू गेलीस. यात शिक्षा कोणाला झाली ते मला नीटसं सांगता येणार नाही.

तुझ्या शाळेने शोकसभा ठेवली. मला बोलावणं आलं, भाची आणि माजी विद्यार्थिनी म्हणून. सभागृहाच्या भिंतीवर पहिल्या आलेल्यांची नावं सोनेरी अक्षरात होती. प्राचार्य म्हणाले, "तायडे मैडम के पास से कोई बच्चा ख़ाली हाथ नहीं लौटा।" टाळ्या वाजल्या. मग मला बोलावलं.

मी दोनच मिनिटं बोलले. म्हटलं, मैं इसी स्कूल में थी, दसवीं के बाद मुझे निकाला गया, चिट्ठी पर मैडम के दस्तख़त थे, और मेरे पिता बाहर बेंच पर बैठे थे. उनसे अच्छा गणित मैंने किसी से नहीं सीखा. दोनों बातें सच हैं. तेवढं बोलून खाली उतरले. टाळ्या वाजल्या नाहीत. मला त्यांच्या टाळ्या नकोच होत्या. त्यांचे चेहरे बघायचे होते, ते बघितले.

बाहेर रुबीना भेटली. ती आता सर्जन आहे. डोळे लाल झालेले. "आज के दिन, मित्रा?" ती म्हणाली. "वो न होतीं तो मैं आज काज-बटन कर रही होती."

"तेरे लिए वो अच्छी थीं," मी म्हटलं. "मेरे लिए नहीं थीं. मैं अपनी बात कहूँ कि नहीं?"

 तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेली. तुझ्यासाठी ती मनापासून रडली होती. मला तेही बघवलं नाही, आणि बरंही वाटलं.

तनूला मीच गाडीतून घरी सोडायला निघाले. डीएनडी उड्डाणपुलावर गाड्या अडकल्या होत्या. ती म्हणाली, "आत्या, तू दादाजींच्या बेंचचं बोललीस. आमच्या बेंचचं नाही बोललीस."

मी म्हटलं, "तुला कळलं होतं?"

"तेव्हा नाही. आजीने नंतर सांगितलं. म्हणाली, तुझ्या आत्यावर चिडू नकोस, ते माझ्यासाठी होतं." तनू पुढच्या ट्रककडे बघत होती. "पण मी पण तिथे होते ना, यार."

मी सॉरी म्हटलं. मराठीत, पूर्ण वाक्यात, तिचं नाव घेऊन. तिने मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकलं, ते तिने सांगितलं नाही, आणि मला विचारायचा हक्क नव्हता. माझ्याविरुद्धची तिची तक्रार तू परस्पर पुसायला गेलीस. मला न सांगता. याचाही मला राग आहे.

आता कालचं ऐक. आमच्या शाळेच्या विश्वस्तांची बैठक होती. पुढच्या वर्षापासून नववीला प्रवेशपरीक्षा घ्यायची, असा ठराव. एक गृहस्थ समजावत होते की हुशार मुलं आली की निकाल सुधारतो, समोरच्या नव्या टॉवरमधले पालक येतात, शाळेचं नाव होतं. इतकं पोकळ बोलत होते की मला तुझ्या वतीने लाज वाटली. या बाजूने बोलायचं तर नीट तरी बोला! मग मीच बोलले. अकोल्याच्या एका नगरपालिकेच्या शाळेत एक मुलगी दाराशी बसायची, तिला मास्तर आत सरकू देत नसत आणि वर्षभर एकही प्रश्न विचारत नसत. तिने शिष्यवृत्तीची परीक्षा दिली. पेपर दुसऱ्या गावी तपासला गेला, त्यावर आडनाव नव्हतं, नंबर होता. ती जिल्ह्यात पहिली आली. ही तुझी स्वतःची गोष्ट तू मला आयुष्यात एकदाच सांगितली होतीस, बाबा गेले त्या दिवशी, त्यांच्या उशाशी बसून. मी ती विश्वस्तांना सगळी सांगितली.

 ते गृहस्थ म्हणाले, "तो आप हमारे साथ हैं?"

"जी नहीं," मी म्हटलं. "त्या मुलीकडे कोणी बघत नव्हतं, म्हणून तिला परीक्षा लागली. आपण इथे प्रत्येकाकडे बघतो. परीक्षा आली की आपण बघणं सोडून देऊ, आणि मग जी मुलं आपल्याकडे येतात ती कुठे जातील ते मला तुम्ही सांगा." हे मी हिंदीतच बोलले, पण मनात ते मराठीत होतं आणि तुला उद्देशून होतं. तासभर वाद झाला. ठराव बारगळला, निदान या वर्षापुरता.

मी तुला माफ केलेलं नाही, आत्या. बाबांच्या त्या हसऱ्या चेहऱ्यासाठी तर मुळीच नाही, आणि पुढेही करेन असं दिसत नाही. पण काल जिंकल्यावर त्या टेबलाभोवतीचे चेहरे बघितले आणि त्यांच्यात हरवण्यालायक कोणी नव्हतं. तुला तिथे बसलेली बघायचं होतं मला. चष्मा कपाळावर चढवून तू म्हणाली असतीस, "मित्रा, मधली एक पायरी गाळलीस बघ."

गाळली नव्हती. घरी येऊन मी माझी मांडणी दोनदा तपासली.